नाव कोणाच्या नावावर?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे. कौलारू इमारत, पुढे ओटा, आत लाकडी कपाटे आणि सकाळी वर्तमानपत्रांसाठी होणारी ज्येष्ठांची झुंबड. काही वर्षांपूर्वी एका रविवारी या वाचनालयाच्या चिटणीसांचा मला फोन आला. आवाज घाबरलेला होता. म्हणाले, ‘‘जरा आमची वेबसाइट उघडून बघता का? आणि घरात मुलं असतील तर त्यांना बाहेर पाठवून बघा.’’

मी उघडली. पत्ता तोच होता, वाचनालयाच्या पावतीपुस्तकावर छापलेला. पण त्या पत्त्यावर दुर्मीळ ग्रंथांची यादी नव्हती, व्याख्यानमालेचे फोटो नव्हते. तिथे रमी होती, तीन पत्ती होती आणि क्रिकेटच्या सामन्यांवर पैसे लावण्याचे आमंत्रण होते. गावातल्या शाळेने उन्हाळी वाचन उपक्रमाच्या सूचनापत्रात हाच पत्ता दिला होता. तिथून मुले थेट जुगाराच्या अड्ड्यावर जात होती.

चिटणीसांचा समज असा, की कोणीतरी कुलूप फोडून आत शिरले आहे. मला त्यांना सांगावे लागले, की काका, कुलूप कोणी फोडलेले नाही. भाडेपट्ट्याची मुदत संपली, तुम्ही नूतनीकरण केले नाही, जागा मोकळी झाली आणि दुसऱ्याने ती रीतसर पैसे भरून घेतली. त्यांचा विश्वास बसेना. ‘‘अहो, पण नाव आमचं आहे!’’ हे ते चार वेळा म्हणाले.

नाव आमचे आहे म्हणजे नेमके काय, हे त्या दिवशी मी त्यांना फोनवर समजावू शकलो नाही. आज थोडा अधिक वेळ आहे, म्हणून तोच प्रयत्न पुन्हा करतो.

सुरुवात अगदी मुळापासून करू. इंटरनेटवरच्या संगणकांना नावे कळत नाहीत, त्यांना आकडे कळतात. प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो, २०३.०.११३.२५ अशा धाटणीचा. आता तर याहून कितीतरी लांबलचक क्रमांकही वापरात आहेत. माणसाला असे क्रमांक लक्षात ठेवता येत नाहीत, म्हणून क्रमांकाला नाव जोडण्याची सोय आली. फार पूर्वी, जेव्हा जगभरातले जोडलेले संगणक काही शेकड्यांत होते, तेव्हा सगळ्या नावांची मिळून एकच यादी होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ती ठेवली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही वही पुरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या शास्त्रज्ञाने एक नवी व्यवस्था मांडली. एकच वही सगळ्यांनी उतरवून घेण्याऐवजी वह्या वाटून द्यायच्या आणि कोणती वही कोणाकडे आहे एवढेच वरच्याने सांगायचे. आज आपण ज्याला डोमेन नेम म्हणतो, ती सगळी या वाटणीची करामत आहे.

ही वाटणी समजण्यासाठी टपालाचे पाकीट डोळ्यांसमोर आणा. आपण पत्ता लिहिताना आधी माणसाचे नाव लिहितो, मग घर, मग गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी पिन कोड. पण टपाल खात्यातला माणूस तो खालून वर वाचतो. आधी पिन, मग जिल्हा, मग गाव. माणसाचे नाव फक्त शेवटच्या पोस्टमनला हवे असते. इंटरनेटचे नावही असेच उलटे, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायचे. ‘वाचनालय डॉट ऑर्ग डॉट इन’ असा पत्ता असेल, तर संगणक आधी ‘इन’ पाहतो. जगाच्या मुळाशी असलेल्या सर्व्हरना विचारतो, की ‘इन’ची वही कोणाकडे? या मूळ सर्व्हरना ‘ए’पासून ‘एम’पर्यंत तेरा नावे आहेत, आणि प्रत्येकाच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत. ते म्हणतात, आम्हाला वाचनालय माहीत नाही, पण ‘इन’वाले अमुक ठिकाणी बसतात, तिकडे जा. तिकडे गेल्यावर ते सांगतात, या नावाची पुढची माहिती अमक्या सर्व्हरकडे. आणि तो सर्व्हर अखेर क्रमांक देतो. एवढी सगळी वाट पापणी लवायच्या आत पार पडते. एकदा मिळालेले उत्तर काही काळ साठवून ठेवतात, त्यामुळे दर वेळी मुळापर्यंत जावेही लागत नाही.

आता हे शेवटचे ‘इन’ आले कुठून? देशांसाठी दोन अक्षरी शेपट्या ठरवायच्या असे १९८०च्या दशकात ठरले, तेव्हा त्याची सूत्रे जॉन पोस्टेल नावाच्या एका दाढीवाल्या, अत्यंत साध्या राहणीच्या संगणकतज्ज्ञाकडे होती. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, या वादात पडायची त्याची तयारी नव्हती. आणि शहाणा माणूस पडणारही नाही. त्याने आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशांच्या संक्षिप्त नावांची तयार यादी उचलली. तिच्यात जे आहे त्याला शेपटी मिळेल, नसेल त्याला नाही. १९९४ साली त्याने हे धोरण लिहूनही ठेवले. त्या यादीत भारत ‘आयएन’ होता, म्हणून आपण डॉट इन. ब्रिटन त्या यादीत ‘जीबी’ आहे, पण त्यांचे ‘यूके’ आधीच रूढ झालेले, म्हणून ते तसेच राहिले. नियम म्हटला की अपवाद आलाच, आणि तो बहुधा साहेबाचाच असतो.

या दोन अक्षरांनी काही देशांचे नशीबही पालटले आहे. प्रशांत महासागरात तुवालू नावाचा सुमारे दहा-अकरा हजार वस्तीचा देश आहे. त्याच्या वाट्याला ‘टीव्ही’ ही अक्षरे आली. जगातल्या दूरचित्रवाणीवाल्यांना ती हवीच होती, त्यामुळे तुवालूला त्या नावाचे भाडे मिळू लागले. कॅरिबियनमधल्या अँग्विला या चिमुकल्या बेटाला ‘एआय’ मिळाले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ साली तिथल्या सरकारी महसुलातला सुमारे पाचवा हिस्सा केवळ या दोन अक्षरांतून आला. उलट बाजूही आहे. युगोस्लाव्हिया नकाशावरून गेला आणि काही वर्षांनी, २०१० साली, त्याची ‘वाययू’ ही शेपटीही बंद झाली. सोव्हिएत संघ १९९१ साली संपला, पण त्याची ‘एसयू’ ही शेपटी मात्र अजून जिवंत आहे. आपल्या ‘इन’लाही असे थोडेसे भाग्य लाभले आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘आत’ असा होतो, त्यामुळे परदेशी कंपन्यांनाही ते शब्दखेळासाठी आवडते. लिंक्डइन या कंपनीचे छोटे पत्ते ‘एलएनकेडी डॉट इन’ असे असतात, ते त्यामुळेच.

डॉट इनच्या कथेचा आरंभ मुंबईत होतो, हे फार जणांना ठाऊक नसते. १९८९ साली ही शेपटी भारताच्या नावे लागली तेव्हा तिची व्यवस्था जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे एनसीएसटीकडे होती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला अजून सहा वर्षे होती. विदेश संचार निगमने ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. तोवर हा मामला संशोधन संस्था आणि विद्यापीठांपुरता होता. नाव देण्याची पद्धतही त्या काळाला साजेशी कडक होती. कंपनी असाल तर डॉट को डॉट इनखाली, संस्था असाल तर डॉट ऑर्ग डॉट इनखाली. थेट डॉट इन लावून नाव मिळत नसे. हेतू वाईट नव्हता. कोणी कोणाचे नाव पळवू नये, हीच काळजी होती. पण परिणाम असा झाला, की १९९२ ते २००४ या बारा-तेरा वर्षांत जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. ज्याला घाई होती तो सरळ डॉट कॉमच्या दारात गेला. पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या कितीतरी मराठी उद्योगांचे पत्ते आजही डॉट कॉम आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग धोरण बदलले. नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, थोडक्यात ‘निक्सी’, ही ना-नफा तत्त्वावरची कंपनी २००३ साली स्थापन झाली होती. देशातल्या देशात जाणारी माहिती उगीच परदेशाची वारी करून येऊ नये, हे तिचे मूळ काम. तिच्याकडेच डॉट इनचे दप्तर सोपवण्यात आले. जानेवारी २००५मध्ये आधी ज्यांच्याकडे नोंदणीकृत व्यापारचिन्हे आहेत त्यांना तीन आठवड्यांची संधी दिली गेली आणि १६ फेब्रुवारी २००५पासून दार सर्वांना खुले झाले. पहिला येईल त्याला पहिले नाव. सात हजारांचा आकडा पाच वर्षांत सहा लाखांवर गेला आणि आता तो चाळीस लाखांच्या पुढे आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो. डॉट इन म्हणजे मालक भारतीय, असे मुळीच नाही. जगातला कोणीही हे नाव घेऊ शकतो. काही पोटशाखा मात्र राखीव आहेत. डॉट गव्ह डॉट इन सरकारी खात्यांनाच मिळते आणि ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी देते. विद्यापीठे आणि महाविद्यालयांचे डॉट एसी डॉट इन हे अर्नेट इंडियाकडून मिळते. तिथे कागदपत्रे पाहिल्याशिवाय नाव मिळत नाही. बाकी डॉट इन, डॉट को डॉट इन, डॉट ऑर्ग डॉट इन यांना अशी कोणतीही अट नाही. ‘ऑर्ग’ लिहिले म्हणून ती संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेलच, असे समजून देणगी देऊ नका.

नाव घ्यायचे म्हणजे प्रत्यक्ष काय करायचे? यात तीन पात्रे आहेत. पहिले दप्तर, म्हणजे निक्सीची नोंदवही. तिथे कोणते नाव कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेले असते. दुसरा दलाल. हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरतो. इंग्रजीत त्याला रजिस्ट्रार म्हणतात. दप्तराने अधिकृत केलेल्या अशा अनेक कंपन्या आहेत, देशी आणि परदेशीही. तिसरे आपण, नाव घेणारे. आपण थेट दप्तराकडे जात नाही, जसे रेल्वेचे तिकीट काढायला रेल्वे बोर्डाकडे जात नाही. रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर हवे ते नाव टाकून पाहायचे. मोकळे असेल तर एक ते दहा वर्षांच्या मुदतीचे पैसे भरायचे, आपले नाव, पत्ता, फोन, ई-मेल द्यायचा. ओळख पटवण्याबाबत डॉट इनचा कारभार अलीकडे काटेकोर झाला आहे, त्यामुळे खरी माहिती द्या आणि ओळखपत्र मागितले तर बिचकू नका. डॉट कॉमला जसे बुरख्याआडून, दुसऱ्या कंपनीच्या नावावर नोंद ठेवता येते, तसे डॉट इनला चालत नाही. नावात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ चालते. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत जास्तीत जास्त ६३ अक्षरे. आपल्याकडच्या काही संस्थांची पूर्ण नावे पाहता ही मर्यादा कमीच पडावी.

पैशाचे म्हणाल, तर साध्या डॉट इन नावाला वर्षाकाठी साधारण पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. पहिल्या वर्षी पुष्कळदा शंभर-दीडशे रुपयांत देतात. दुसऱ्या वर्षी खरी किंमत कळते. घेण्याआधी नूतनीकरणाचा दर वाचा. तो बारीक अक्षरांत असतो, पण असतो.

नाव घेतले म्हणजे संकेतस्थळ झाले, असेही नाही. नाव ही फक्त पाटी आहे. पाटी ज्या खोलीवर लावायची ती खोली, म्हणजे सर्व्हरवरची जागा, वेगळी भाड्याने घ्यावी लागते. पाटी आणि खोली यांची सांगड घालण्यासाठी दप्तरात ‘नेमसर्व्हर’ची नावे लिहावी लागतात, मघाशी म्हटले ना, पुढची माहिती अमक्या सर्व्हरकडे, तेच हे. या दोन गोष्टी एकाच दुकानातून घेतल्या तरी त्या दोनच राहतात, त्यांची मुदतही वेगळी असू शकते. खोली बदलली तरी पाटी तीच ठेवता येते, रजिस्ट्रार बदलला तरी नाव तेच राहते. त्यासाठी एक गुप्त संकेतांक मिळतो, तो नव्या रजिस्ट्रारला द्यायचा. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलतो, तसेच.

आता वाचनालयाकडे वळू. मी चिटणीसांना जुनी फाइल काढायला लावली. एका तरुणाने, त्याच गावच्या, काही वर्षांपूर्वी उत्साहाने संकेतस्थळ बनवून दिले होते. बिलावर एकच ओळ होती, ‘वेबसाइट तयार करणे’, आणि पुढे रक्कम. नाव, खोली, पाने असा कोणताही तपशील नव्हता. त्या मुलाचा फोन मिळवला. तो आता बंगळूरला नोकरीला होता, जुना व्यवसाय बंद केलेला. फार ओशाळला बिचारा. म्हणाला, ‘‘काका, नाव माझ्याच खात्यावर होतं. सूचना माझ्या जुन्या ई-मेलवर येत असणार. तो मी दोन वर्षं उघडलेला नाही.’’

म्हणजे दप्तराच्या दृष्टीने नाव वाचनालयाचे कधी नव्हतेच. सात-बाऱ्यावर नाव दुसऱ्याचे आणि आपण वर्षानुवर्षे कसतो आहोत, अशी गत. त्यातही सात-बारा मालकीशी जोडलेला असतो. इथे मालकी नावाची वस्तूच नाही. तुम्ही एक वर्षाचे पैसे भरले, तर एक वर्ष वापरण्याचा हक्क. मुदत संपली की नाव त्याच क्षणी जात नाही, हे खरे. आधी संकेतस्थळ आणि ई-मेल बंद पडतात. काही दिवस, रजिस्ट्रारच्या नियमाप्रमाणे, नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येते. त्यानंतर तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो. गहाण सोडवावे तसे, पण दंड जबर, मूळ दराच्या कितीतरी पट. तोही संपला की पाच दिवस नाव कोणालाच हात लावता येत नाही आणि मग ते दप्तरातून पुसले जाते. त्या क्षणापासून ते पहिल्या येणाऱ्याचे.

आणि पहिला येणारा माणूस नसतो, यंत्र असते. अशी सुटणारी नावे टिपण्याचा धंदाच आहे. जुन्या नावाला भाव का, तर वर्तमानपत्रांत, शाळांच्या पानांवर, इतर संकेतस्थळांवर त्याचे दुवे विखुरलेले असतात. शोधयंत्रांच्या लेखी त्या पत्त्याची पत असते. वाचनालयाने व्याख्यानमाला भरवून, ग्रंथदिंड्या काढून जी पत मिळवली, तिच्यावर आता रमीवाला गिऱ्हाईक गोळा करत होता. मला स्वतःला या प्रकारातली ही गोष्ट सर्वांत जास्त खटकते. यात बेकायदा म्हणावे असे नाव घेण्यापुरते तरी काही नाही.

मग दाद कुठे मागायची? दुसऱ्याचे नाव पळवण्याचे प्रकार आपल्याकडे फार आधी न्यायालयात पोचले. १९९९ साली रेडिफ कंपनीने ‘आर’नंतर ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून केलेल्या ‘रॅडिफ’ या नावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने रेडिफच्या बाजूने मनाई दिली. एका अक्षराचा फरक, पण गिऱ्हाईक फसेल एवढा पुरेसा. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ या नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की डोमेन नेमसाठी वेगळा कायदा नसला, तरी आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवण्याविरुद्धचे तत्त्व इथेही लागू होते. डॉट इन नावांसाठी निक्सीची स्वतःची लवाद पद्धतही आहे. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या असतात: नाव माझ्या हक्काच्या नावासारखे किंवा फसवे आहे, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले किंवा वापरले आहे. हा ‘किंवा’ महत्त्वाचा. डॉट कॉमच्या पद्धतीत ‘घेतले’ आणि ‘वापरले’ ही दोन्ही सिद्ध करावी लागतात. आपल्याकडे एक पुरते. लवादाला पटले तर नाव परत मिळते किंवा रद्द होते.

वाचनालयाच्या कार्यकारिणीत यावर दोन तास चर्चा झाली. एक वकील सदस्य लढू या म्हणाले. पण लवादाचे शुल्क, कागदपत्रे, दिल्लीशी पत्रव्यवहार, आणि मुख्य म्हणजे वाचनालयाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून कुठे नोंदलेले नाही. त्यातून आपल्या राज्यात त्याच नावाची आणखी वाचनालये आहेत. शेवटी ठरले, की नवे नाव घ्यायचे.

नवे नाव घेताना दुसराच घोळ. ‘वाचनालय’ हा शब्द रोमन लिपीत कसा लिहायचा? ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने? शेवटी ‘ए’ लावायचा की नाही? मधला आकार एका ‘ए’चा की दोन? पाच सदस्यांनी पाच स्पेलिंगे लिहून दिली. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत कोंबताना हे होणारच. मग कोणीतरी विचारले, सरळ मराठीत का घेऊ नये? तशी सोय आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत ‘डॉट भारत’ ही शेपटी सुरू झाली. मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी अशा आठ भाषांसाठी. तुम्ही पत्ता देवनागरीत लिहिता, पण मूळ व्यवस्थेला आजही इंग्रजी अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच कळते. म्हणून पडद्यामागे त्याचे रूपांतर होते. ‘भारत’ या तीन अक्षरांचे तिथे ‘एक्सएन’, दोन आडव्या रेघा आणि पुढे ‘एच२बीआरजे९सी’ असे काहीसे अगम्य ध्यान होते. वाचणाऱ्याला ते दिसत नाही, एवढेच. अडचण ई-मेलची आहे. देवनागरी पत्ता अनेक ठिकाणचे अर्ज अजून स्वीकारत नाहीत. त्यामुळे देवनागरी नाव जरूर घ्यावे, पण जोडीला एक रोमन नाव असू द्यावे, असे मी सुचवले. आणि ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न इथेही सुटत नाहीच. ‘सार्वजनिक’मधली ‘नि’ दीर्घ काढणारे सदस्य कार्यकारिणीतच दोन निघाले.

जाता जाता उजवीकडून वाचण्याचा एक उपयोग सांगतो, कारण तो प्रत्येकाच्या खिशाशी निगडित आहे. बँकेच्या नावाने येणाऱ्या लबाड संदेशांत पत्त्याच्या सुरुवातीला बँकेचे नाव ठळक असते. आपण मराठी माणसे डावीकडून वाचतो आणि तिथेच फसतो. पत्त्यात ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर पहिली तिरकी रेघ जिथे येते, तिथे थांबा आणि तिथून डावीकडे वाचत या. बँकेचे नाव, मग ठिपका, मग भलतेच काही नाव आणि डॉट कॉम असे असेल, तर तो पत्ता त्या भलत्याच माणसाचा आहे. डावीकडे तो वाट्टेल ते लिहू शकतो, त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. या फसवणुकीला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५मध्ये डॉट बँक डॉट इन या राखीव शाखेची घोषणा केली. हे नाव फक्त बँकांना आणि फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत मिळते. सर्व बँकांनी, नागरी सहकारी बँकांनीसुद्धा, ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत तिकडे स्थलांतर करावे, असा आदेश होता. तेव्हा तुमच्या बँकेचा पत्ता उजवीकडून ‘इन’, मग ‘बँक’, मग बँकेचे नाव असा आहे का, हे एकदा पाहा.

वाचनालयाचे नवे नाव डॉट ऑर्ग डॉट इनखाली घेतले. या वेळी नोंद संस्थेच्या नावावर, ई-मेल संस्थेचा, फोन ग्रंथपालांच्या टेबलावरचा. मुदत एकदम दहा वर्षांची. जुन्या पावतीपुस्तकांवर रबरी शिक्क्याने पत्ता खोडून नवा मारण्याचे काम शाळेतल्या मुलांनी केले, त्यांना त्याचीच गंमत. चिटणीसांनी मुदत संपण्याची तारीख नगरपालिकेच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, लाल शाईने, घरपट्टीच्याच रकान्यात लिहिली. मग म्हणाले, ‘‘दहा वर्षांनी मी असेन-नसेन. कुलूप उघडायचं कोणी?’’ म्हणून पासवर्ड कागदावर लिहून, दोन सदस्यांच्या सह्यांनिशी लिफाफा बंद करून, तो संदर्भग्रंथांच्या कपाटात, विश्वकोशाच्या खंडांमागे ठेवला आहे. दर वार्षिक सभेला तो तिथे आहे ना, एवढे पाहिले जाते.